गेट नंबर दोन

सगुण गिरप माझ्या भावाच्या वर्गात होता.
आमच्या विहिरीत पडलेली कळशी
त्यानेच गळ टाकून काढली होती, दोनदा.
आता रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी
तो माझं कार्ड बघतो, मग मला बघतो,
मग पुन्हा कार्ड,
आणि नळी पुढे करतो. फुंका.
मी फुंकते.
"शून्य," म्हणतो. "जावा."

पहिल्या दिवशी मी हसले होते.
तो हसला नाही.
संध्याकाळी शिरोड्याच्या तिठ्यावर भेटला
तेव्हा मान खाली घालून म्हणाला,
"मी वळाखतंय गो तुका. मशीन वळखना नाय."

कार्डावर माझं आडनाव मोचेमाडक.
शेवटचा र रकान्यात मावला नाही.
दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. अर्जाला नंबर मिळालाय,
तो मात्र अख्खा छापून आला, अकरा आकडी.

मी भांडारात बसते. स्टोअर म्हणतात.
खिडकीतून जेट्टी दिसते, तिच्यापलीकडे खाडीचं तोंड,
जिथे ओहोटीला आम्ही मुळे काढायचो, फ्रॉक गुडघ्यावर खोचून.
आता तिथे उतरायला परवाना लागतो
आणि पिवळं हेल्मेट.
हेल्मेट आहे माझ्याकडे.

एकोणीस हजार वस्तू, प्रत्येकीला कोड.
पहिल्या आठवड्यात मी संगणकात सुंभ शोधत होते.
सुंभ नाही. काथ्या नाही. दोर नाही.
बाजूच्या खुर्चीतला नेल्लोरचा श्रीकर म्हणाला,
रोप, कॉयर, चोवीस एमएम, असं टाका.
सापडलं.
जाडी, लांबी, वजन, पुरवठादार.
पिळाला रकाना नाही.
सुंभ जळायचा तर जळू दे,
पण पीळ लिहायचा कुठे?
कुणाला विचारलं नाही. सहा महिने प्रोबेशन आहे.

दाजी आरोसकरांच्या काजू फॅक्टरीत नऊ वर्षं होते.
एक टेबल, एक वही, सोलणाऱ्या अठरा बायका,
चिकाने काळी पडलेली त्यांची बोटं.
रजा हवी तर दाजींचा चेहरा बघायचा,
चहाच्या आधी की नंतर, एवढंच ठरवायचं.
पगार कधी दहाला, कधी वीसला,
एकदा तर गणपती गेल्यावर.
इथे तीस तारखेच्या रात्री बाराला फोन वाजतो.
आई दचकून उठते. "कोण गेलो?"
"कोणूच नाय. पगार इलो."

काल मीटिंगमध्ये दाजींचा फोन.
लांब टेबलाभोवती चौदा माणसं, भिंतीवर रंगीत आलेख.
मी बाहेर आले.
"काटो खोटो दाखयता गो. चाळीस ग्रॅम."
म्हटलं, डाव्या पायाखालची चीप सरकली असेल,
खिडकीत साबणाच्या डबीत
करवंटीचा तुकडा ठेवलाय, तो लावा.
बराच वेळ फोनमधून नुसतं सोलणं ऐकू आलं,
टक्, टक्, मधेच कुणाचं तरी खोकणं.
मग, "हां. बसलो."
आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलंस?"

परत आत गेले तर आलेख बदललेला.
श्रीकरने न बोलता वही माझ्याकडे सरकवली.
मी नव्हते ती सात मिनिटं त्याने लिहून ठेवली होती,
आणि समासात, गोल गोल अक्षरांत,
शिकत असल्यासारखं: सुंब.
मी पेन घेऊन ब चा भ केला.

आज आठ दहा.
सगुणने कार्ड बघितलं, मला बघितलं, नळी पुढे केली.
रात्री आईच्या हातून लसूण जरा जास्तच पडला होता.
मी तोंड थोडं वळवून फुंकलं.
"सरळ फुंका."
सरळ फुंकलं.
"शून्य," म्हणाला,
आणि मागच्या रांगेवर नजर ठेवून, ओठ न हलवता,
"सोलकढी काय गो?"