जागा नाही

पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं:
जागा नाही.
शेवंताबाई म्हणाली, "पाहा जी,
नवीन डब्बा आणला, मेमरी कितीतरी पट,
अन् हा म्हणते जागा नाही."
खिडकीबाहेर कट्ट्यांची थप्पी छपराला टेकलेली.
कोंड्याची धूळ कीबोर्डच्या फटीतून
थेट स्पेसबारखाली.

कुंभरे मास्तरांनी हा हिशेब लिहिला
तेव्हा चार एमबी म्हणजे चंगळ होती.
मोजायला त्यांनी एक खोका ठेवला, लहानसा.
आता विंडोज त्यात पाचशे बारा ओततं,
खोका भरतो, उलटतो,
उरतं शून्याच्या खालचं काहीतरी
आणि प्रोग्रॅम, मास्तरांसारखाच सरळ,
दिसलं ते सांगतो.

हे समजावताना मी अडखळलो.
दारात उकिडवा बसलेला मापारी मनिराम म्हणाला,
"त्यात काय? वीस कुडो झाले का खंडी.
मंग चिमूटभर धान बाजूले ठेवाचं
अन् पुन्हा लाभ.
चिमूट इसरली का खंडी गेली."
"लाभ म्हणजे एक,"
शेवंताबाईनं मला हळूच सांगितलं,
जसा मी वडशाचा नाही, विलायतेचा.

उजवी कळ. प्रॉपर्टीज. मेमरी.
पाच चौकटी, पाचांतही 'ऑटो',
म्हणजे असेल तेवढं सगळं दाखव.
एक्सटेंडेडमध्ये पासष्ट हजार घातले: जागा नाही.
बत्तीस हजार: जागा नाही.
सोळा हजारांवर उघडला,
नावं दिसली, वजनं दिसली,
पावती छापायला गेला आणि
निळा पडदा, जसा चुलबंदीचा डोह.

मग आठ हजार एकशे ब्याण्णव.

"खोटं सांगता त्याले?"
"खोटं नाही. कमी."
ती थोडा वेळ गप्प राहिली.
"आमच्या घरी बी बुढ्याले
पगार कमीच सांगतो मी," म्हणाली,
आणि एंटर दाबलं.

डॉट मॅट्रिक्स किंचाळला.
देवांगना परशुरामकर, कट्टे सत्तावीस,
ओलावा सतरा, कापणी वजा.
मनिरामनं उठून कागद पाहिला, वाचता येत नसूनही
बोटानं ओळ धरून.

सगळी दुरुस्ती एक केबीसुद्धा भरली नाही.
मी ती फ्लॉपीवर घेतली.
लेबलवर शेवंताबाईनं बॉलपेननं लिहिलं
'जास्त सांगू नाही'
आणि फ्लॉपी लक्ष्मीच्या फोटोमागे खोचली.

मास्तरांना कळवावं म्हणून नंबर मागितला.
"हाय न. पण उचलत नाही."

निघताना पावती पुन्हा हातात आली.
तारीख बरोबर, महिना बरोबर,
वर्ष एकोणीसशे नऊ.
मी परत खुर्चीकडे वळलो.
"राहू द्या जी," ती म्हणाली,
"ते मी रोज हातानं खोडतो."
आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.