हातचा एक

एकशे नव्वद खोकी ट्रकमधून आली,
जानेवारीत, पारा उणे सत्तावीसवर असताना.
चालकानं इंजिन चालूच ठेवलं,
बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणाला.
पावतीवर मी हातमोज्यानंच सही केली:
सिनेटर हॅल्व्हर स्टेनरूड, नॉर्थ डकोटा,
सहा निवडणुका, अकरा वर्षं बहुमताचे नेते,
आता विद्यापीठाचं तळघर, फळी चार ते नऊ.

माझं काम टाचण्या काढायचं.
गंजलेली टाचणी कागद खाते,
आधी स्वतःभोवतीचा, मग शेजारचा.

भाषणं मी वाचत नाही.
ती पगारी माणसांनी लिहिलेली असतात.
मी वाचते कार्डं.
कोटाच्या आतल्या खिशात मावतील एवढी,
शंभर नावं छापलेली, प्रत्येकापुढे पेन्सिलीची खूण.
उभी रेघ : आपला.
आडवी : त्यांचा.
टिंब : बायकोशी बोलून सांगतो म्हणाला.
आणि क्वचित एखादं लहानसं वर्तुळ,
त्याचा अर्थ लागायला मला मार्च उजाडला.
आपलाच आहे, पण अडलं तरच मागायचा.
हातचा.

वडील, नेल्स स्टेनरूड,
ब्रेक्का गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर होते.
गहू, जवस, बार्ली; ट्रक आत, ट्रक बाहेर,
आणि उन्हाच्या तिरिपेत उभी राहिलेली धूळ.
पोरगा शाळेतून येऊन पोत्यावर बसायचा.
काटा थरथरत असताना आकडा बोलू नये,
एवढीच एक शिकवण.
छप्पन्नाव्या वर्षी नेल्स खोकत गेले.
शेवटी शेवटी म्हणे, श्वासाचा आवाज
चाळणीतून कोंडा पडावा तसा यायचा.

पोरानं ते वॉशिंग्टनला नेलं. काटा म्हणतेय मी.
ज्याला पूल हवा त्याला पूल दिला,
ज्याला नुसतं ऐकून घेणारं कुणी हवं होतं
त्याच्यासमोर दोन तास बसला, घड्याळ न बघता.
एकदा रात्री तीन वाजता
प्लास्टरमधला पाय घेऊन एक म्हातारा सिनेटर
चाकाच्या खुर्चीतून आणवला, पायजम्यावर कोट.
अकरा वर्षांत त्यानं मांडलेलं एकही विधेयक पडलं नाही.
वर्तमानपत्रं याला जादू म्हणायची.
जादू कसली.
पडेल असं वाटलं ते त्यानं मांडलंच नाही.

एकशे सदतिसाव्या खोक्यात, नाव नसलेल्या पाकिटात,
अकरा कार्डं.
दर वर्षाचं एक, सगळी फेब्रुवारीतली.
विधेयक एकच : कोठार-कामगारांची फुप्फुसं,
उपचार आणि भरपाई.
पहिल्या वर्षी अडतीस.
मग एक्केचाळीस, मग चव्वेचाळीस,
मधे निवडणूक, पुन्हा चाळीस,
सत्तेचाळीस,
एकोणपन्नास.
अकराव्या कार्डावर पन्नास उभ्या रेघा.
मी तीनदा मोजल्या.
आणि एक्कावन्नाव्या जागी, एस अक्षराखाली,
स्टेनरूड, हॅल्व्हर,
पुढे एक लहानसं वर्तुळ.

त्या नोव्हेंबरात पक्षाच्या बंद खोलीत
नेतेपदाचं मतदान झालं. त्रेपन्न जण, गुप्त चिठ्ठ्या.
त्यानं मोजले होते एकोणतीस.
निघाले पंचवीस.
चार माणसं डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलली होती.
त्या दिवसाच्या कार्डावर मात्र
सगळ्या रेघा सरळ, ठाम, जवळजवळ आनंदी.

कुणी म्हणेल, हातचं राखून जगला.
कुणी म्हणेल, वाट बघत होता, काटा थांबायची.
मला दोन्ही पटतं,
दिवसावर अवलंबून.

माझे बाबा ब्रेक्काच्या कोठारात एकवीस वर्षं होते.
हे नोंदवहीत लिहायचं नसतं.
नोंदवहीत लिहायचं : खोका १३७, मतगणनेची कार्डं,
संख्या अकरा, अवस्था चांगली, टाचण्या काढल्या.

तळघरात शाई चालत नाही, फक्त पेन्सिल.
मी टोक करून घेतलं.
एवढं लिहिलं,
आणि ते वर्तुळ भिंगाखाली पुन्हा एकदा पाहिलं.
रेघ ओढायला सुरुवात करून
हात मागे घेतल्यासारखी
वरच्या बाजूला एक बारीक खोच आहे,
किंवा कागदाचाच दोष असेल.