मिटणारा

वायंगणीच्या वाटेवर, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही
अशा जागी आमची रोपवाटिका.
हिरव्या जाळीखाली आठ हजार काळ्या पिशव्या,
आणि गाऊनवर चढवलेल्या जुन्या शर्टाच्या खिशात
लवूमामांचा चाकू.

म्हशीच्या शिंगाची मूठ, तीन खिळे;
दोन पितळेचे, मधला सायकलच्या तारेचा.
पात्यावर कारखान्याचं नाव होतं म्हणे.
आता नुसता एक काना उरलाय,
कुठल्या अक्षराचा, कुणाला आठवत नाही.
दगडावर घासून घासून
बांगड्याच्या अंगाचं पातं
मुडदुशीच्या अंगावर आलंय.

हर्षलने कुरियरने मागवला पिवळा कटर:
बोथटला की टोक मोडायचं, पुढचं सरकवायचं.
आणि एक कलमी कात्री, दाबली की
खुंटाला नि काडीला एका मापाची खाच,
जणू दोघांनी एकाच शिंप्याकडे माप दिलं होतं.

मी नाक मुरडलं नाही. चांगलंच आहे ते.
तासाला त्याची साठ कलमं, माझी पस्तीस.
दसऱ्याला मोजली: त्याची शेकडा बहात्तर जगली,
माझी चौऱ्याहत्तर.
दोनाच्या फरकावर कुणी बढाई मारू नये.

फक्त ती मोडकी टोकं.
मातीत पडतात, सरीबरोबर वर येतात.
एक आनमारीच्या तळव्यात शिरलं.
तिने ते उपसून काढलं, हळद दाबली,
प्रकाशात धरून विचारलं, "ह्यां कोणाचां गो?"
कोणाचंच नव्हतं ते.

मामा म्हणायचे, "जो मिटाक येता, तो चाकू.
बाकीची नुसती हत्यारां."
तेव्हा कळायचं नाही; नखाने खाच धरून
पातं वर काढण्यातच माझी सगळी बुद्धी खर्च.
आता खुंट तिरका छाटताना सुचतं
की आपण भांडण मिटवतो, छत्री मिटवतो,
लाजाळू मिटते, गेलेल्या माणसाचे डोळे मिटतो,
आणि ह्यालाही तेच क्रियापद लावतो.
डोळ्याचं पातं लवतं, ह्यालाही पातंच,
आणि काडीवर जो फुटायचा असतो
त्याला पुन्हा डोळा म्हणतो आपण.
कुणी ठरवून केलं नसेल. कलम बांधता बांधता
एकाचा शब्द दुसऱ्यात गेला असेल.

कटरही आत जातो, हे खरं.
पण तो सरकतो. मिटत नाही.

ओरोसच्या इस्पितळात सिस्टरने
उशाखालचा चाकू काढून माझ्याकडे दिला.
त्यानंतर चार दिवस मामांचा अंगठा
चादरीच्या कडेवर खाच शोधत होता.

त्यांचं संध्याकाळचं काम संपलं, हे
मामीला मागच्या पडवीत कळायचं:
टक्.
हाक नाही, खाकरणं नाही. टक् वाजलं
की ती चुलीवर चहाचं आधण ठेवायची.
मामीला जाऊनही नऊ वर्षं झाली.

काल कात्रीची स्प्रिंग गेली. कुडाळात मिळाली नाही.
मोबाईल खांद्याने कानाशी दाबून
हर्षल कुठल्याशा दुकानदाराशी वाद घालत होता,
हमीची मुदत, बिलाचा फोटो, पुन्हा बिलाचा फोटो.
हातांना चाळा म्हणून त्याने
बाकावरचा चाकू उघडला असेल.

मी आत तांदूळ निवडत होते.
वाद मिटला की नाही, माहीत नाही.
बाहेर टक् झालं,
आणि बघते तर माझ्या हातात पातेलं,
त्यात दोन कप पाणी.