आटणी

सतरा वर्षं इरोडच्या बोळात
दुसऱ्यांचं सोनं आटवलं.
मग भागीदार गेला, पाठोपाठ दुकान.
मूस तेवढी उरली, ती पिशवीत घालून
पहाटे साडेचारला विट्याच्या स्टँडवर उतरलो.

आमच्या तालुक्यात दोनच गोष्टी आटतात,
सोनं नि विहिरी.
तिसरा मी,
हे कुणाला सांगायचं?

घरी जायचं म्हणजे उत्तरं द्यायची.
बाकावर बसून पाट्या वाचत राहिलो:
मायणी, आटपाडी, तासगाव, कराड.
पत्र्याच्या त्या खटाऱ्यांनाही ठाऊक होतं
कुठं जायचं ते.

तांबडं फुटताना एक म्हातारी आली,
काखेत कोंबडा.
"लेका, नेवरीची कुठली रं?"

माझ्या तोंडून आधी तमिळच निघालं.
ती बघत राहिली. कोंबडाही.

मग कुठून कोण जाणे, एका दमात म्हणालो,
"कडंची, मावशी. पर गावात जाऊ नगा,
फाट्यावर उतरा, मोडकी पाणपोई लागंल,
तिथनं वढा धरायचा, उजव्या अंगाला बाभळी,
करंजाखाली दगडी डोण हाय,
तिथं जरा बसायचं, पाणी प्यायचं, मग चढ..."

"तू तिकडलाच का?"

घसा कोरडा पडला.
"हिंदुरावाचा धाकला," म्हणालो.
"आन् मग इथं काय बसलायस?" म्हणाली,
आणि कोंबडा माझ्या मांडीवर देऊन
पदराची गाठ सोडायला लागली.

गाडीत तो पिशवीतल्या मुशीवर
टोच मारून बघत होता,
कस बघावा तसा.

कंडक्टरनं विचारलं, कुठं?
"दोन नेवरी."
"आन् ह्याचं?"