उसवण

पाषाणच्या प्रयोगशाळेत माझं काम काप काढण्याचं.
उंदराचा मेंदू, बर्फगार द्रवात,
अर्ध्या मिलिमीटरहून पातळ.
खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे
म्हणजे काप काही तास
आपण अजून आहोत असं समजतो.

मग एका टोकाला विजेचे शंभर टोले, एका सेकंदात,
आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसायचं.
पडद्यावरची हिरवी रेघ चढते.
चढून तिथेच राहिली तर सबनीस मॅडम म्हणतात,
"शिकला."

कधी आधी एक औषध टाकतो,
प्रथिनं कातरणाऱ्या विकरांचे दात बांधणारं.
त्या दिवशीही रेघ चढते,
पण आम्ही खाली चहा पिऊन येईतो
उतरलेली असते.
वर्षभर मला हेच कोडं:
कापणाऱ्याला बांधलं
तर आठवण का सुटते?

पेशींभोवती जाळं असतं, साखरेचं, प्रथिनांचं,
खळ दिलेल्या कापडासारखं ताठ.
ते कुठेतरी कुरतडावं लागतं.
नेमकं तेवढंच. नेमकं तेव्हाच.
नाहीतर नव्या सांध्याला
अंग धरायला जागा नाही.

हे मी अण्णांना सांगितलं होतं.
कापडगंजात त्यांचं अल्टरचं दुकान, जिन्याखालचं,
उभं राहिलं तर डोकं आपटणारं.
दातांनी दोरा तोडत म्हणाले,
"मग यात शोध काय लागला?
पोरगं वाढलं की शिवण उसवायची.
म्हणून तर आत दोन बोटं माया ठेवतात."

फेब्रुवारीतला मंगळवार, साडेदहा.
कात्री त्यांच्या उजव्या हातातून पडली.
पडलेली कात्री तशीच ठेवू नये
म्हणून त्यांनी आधी डावा हात पुढे केला,
मग तोंड वाकडं झालं.
हे मला मुनाफ बटणवाल्यानं सांगितलं.
रिक्षाही त्यानंच थांबवली,
आडवा पडून म्हणे, पण तो जरा वाढवून सांगतो.

साडेचार तासांची मुदत असते.
आम्ही दीड तासात पोचलो.
डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचं नाव घेतलं, टीपीए,
आणि मी दचकले.
हे नाव आमच्या फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यातलं.
नळीतली गुठळी विरघळवायला देतात ते हेच,
आणि मेंदू स्वतःही बनवतो,
थोडं थोडं, शिकताना,
जागच्या जागी उसवायला.
जास्त झालं तर काय होतं
तेही मी काचेखाली पाहिलेलं.
बेतायची कात्री वेगळी
आणि वाटोळं करायची वेगळी, असं काही नसतं.

सही केली. पेन चालेना,
दुसऱ्या कुणाचं घेतलं.

आता जून.
लाकडी फळीवर चार मोठी बटणं, चार काजं.
पन्नास वर्षं काजं करणारा माणूस
पहिल्या बटणाला शिव्या घालतो.
शिव्या मात्र सगळ्या शाबूत.
थेरपीवाली ईशान्या हसते, म्हणते, चालू दे, काका.
रोज तेच बटण, तीच फळी,
आत कुठे काय कातरलं जातंय,
कुठला जुना टाका निघतोय,
कुठला धरतोय,
मला दिसत नाही.
याचे काप काढता येत नाहीत.

चमच्याला सुई म्हणतात. दुधाला अस्तर.
परवा माझा प्रयोगशाळेचा कोट ओढून घेतला,
काखेत आवळतो हे बघूनच ओळखलं असणार.
शिवण चाचपली,
आत माया आहे का पाहिलं,
मान हलवली.
मग हात पुढे करून म्हणाले,
"वच्छी दे."

वच्छी माझी आई. अकरा वर्षं झाली.

त्यांनाही कळलं, बोलून झाल्यावर.
थोडा वेळ आम्ही दोघं कोटाकडेच बघत राहिलो.
मग मी कात्री दिली.
अंगठा कडीत जायला
बराच वेळ लागला.