तिसरी गाठ

दुकानात चार बंब टांगलेत.
वाऱ्यामुळे दार अर्धंच उघडं ठेवतो.
गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो:
घरात माणसं किती?
सकाळी सगळी एकदम, की पाळीपाळीनं?
उत्तरं ऐकता ऐकता
बोट आपसूक एकाकडे वळतं.
एल आल्तोत बावीस वर्षं हाच धंदा,
फारसा चुकलो नाही.

नेमेसिया चोकेवांका गुरुवारी आली.
पाठीवरच्या रंगीत गाठोड्यात पैसे,
मुठीत सुतळी, तिला तीन गाठी.
"माप आणलंय."
मी म्हटलं बसा, आणि सुरू झालो.

हा विजेचा. न्हाणीत तोटीवरच बसतो.
सगळ्यात स्वस्त. खटका दाबा, पाणी कोमट.
कधीमधी ओल्या बोटांना मुंग्या येतात;
तार जमिनीत नीट गाडली नाही
तर गोष्ट मुंग्यांवर थांबत नाही.
ती म्हणाली, मुंग्या मला तशाही येतात.
मी हसलो.
ती हसली नव्हती.

हा गॅसचा. तोटी उघडली की पेटतो, मिटली की विझतो.
पण चार हजार मीटरवर
ज्योतीलाही धाप लागते.
खोक्यावर दहा लिटर छापलंय, तुम्ही सात धरा.
आणि बंद खोलीत कधीच नको.
त्याचं विष दिसत नाही, त्याला वासही नसतो.
माझा आतेभाऊ फ्रेदी न्हाऊन झोपला,
तो झोपलाच.

हा टाकीचा. ऐंशी लिटर, रात्रभर तापत बसतो.
पाच जणांच्या घराला ठीक.
एकट्या बाईनं घेणं म्हणजे
एका पाहुण्यासाठी रोज पंगतीचा स्वयंपाक.

राहिला छपरावरचा, काचेच्या नळ्यांचा.
तोंड उत्तरेला करायचं,
आमचा सूर्य उत्तरेकडून जातो.
दुपारी पाण्यात हात घालवत नाही.
पण पहाटे गोठलेलं पाणी नळ फोडतं,
आणि माणसं न्हातात पहाटे.
म्हणून मी तो कुणाला फारसा देत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं,
बाजारात बटाट्याचा भाव ऐकावा तसं.
मग विचारलं,
"ह्यातला अंगणात कुठला उतरतो?"
न्हाणी अंगणात आहे?
"न्हाणी नाही. दगड आहे. धुण्याचा."

आणि शालीखालून हात काढून
फळीवर ठेवले.
बोटं सांध्यांत सुजून
मिटायची विसरलेली,
नखांभोवती बिटाचा जांभळा.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी,
बर्फाच्या पापुद्र्याखालचं पाणी.
"न्हायला शनिवारी जाते
कोपऱ्यावरच्या न्हाणीघरात. तिथं भरपूर कढत असतं.
धुणं दहाला काढते. तीनला वाळत घालते."

दहा ते तीन.
बावीस वर्षं मी माणसं मोजत होतो.
धुणं कोण धुतं, किती वाजता,
कधी विचारलं नव्हतं.

सुतळी ताणून पाहिली.
पहिली गाठ: दगड ते भिंत.
दुसरी: भिंत ते वळचण.
तिसरी?
"छपराचा उतार. उत्तरेकडचा."
म्हणजे बाई घरूनच ठरवून आली होती.
मला नुसतं बोलू देत होती.

रविवारी बसवला.
दिवेलागणीला ही चावी सोडायची,
खालच्या नळातलं पाणी काढून टाकायचं, असं शिकवलं.
तिनं दोनदा करून दाखवलं, माझ्याहून नीट.

मंगळवारी अकराला सहज डोकावलो.
दगडावर वाफ, वाफेत ती, तोंडानं माझ्यावर फणफणत:
"इतकं कढत कशाला?
लोकरीचं आटेल, रंग जाईल!"
आणि टोपलीत ओतलं
दोन तांबे गार पाणी.
हात मात्र बाहेर काढले नाहीत.

दुकानात परतलो तर गिऱ्हाईक ताटकळलेलं.
तरुण पोरगा, नवं लग्न, घाई.
घरात माणसं कि–
म्हणता म्हणता थांबलो,
त्याचे हात पाहू लागलो.

ते त्याच्या खिशात होते.