काढणे

आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत.
चौथ्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर
घडीचं स्टूल उघडून बसलो
तेव्हा साडेचार वाजले होते
आणि मे महिना होता, म्हणजे
निबातली शाई कागदाला टेकायच्या आत
अर्धी वाळत होती.

मोजपट्टी आणलेली नाही. मुद्दाम.
एकतीस वर्षं नगररचना खात्यात आरेखक होतो,
रेघ सवयीनंच सरळ येते.
तिला वाकडं शिकवायला
निवृत्तीनंतरची दोन वर्षं गेली.
आता कुठे ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीशी अडखळते,
वाळत घातलेल्या परकराला वळसा घालते,
डिश अँटेनापाशी थांबून श्वास घेते.

वायरी आधी मोजल्या. तेवीस.
मग मोजणं सोडलं.

पोरं जमली. एकानं माझ्या कागदावर सावली पाडली,
"बाबा, मनी सायकल बी काढ ना."
काढली. चाक अंड्यासारखं आलं.
तोच म्हणाला, "पंक्चर शे."

हार्डवेअरवाले छाजेड गल्ला सोडून आले.
"महापालिकेचे का?"
चहा मागवत मागवत विचारलं त्यांनी,
म्हणजे उत्तर काहीही आलं तरी चहा होताच.
"नाही," म्हटलं. "आता नाही."
तो 'आता' त्यांनी ऐकला की नाही, कोण जाणे.

समोर धुडकू शिंपी.
मशीन डांबराच्या अगदी कडेवर,
मागचे दोन पाय उंबऱ्यात, पुढचे दोन विटांवर.
दर गाडीला तो गुडघे आत घेतो,
गाडी गेली की पायडल पुन्हा सुरू.
हे चित्रात कसं आणायचं,
आत घेतलेला गुडघा?

मी त्याला ओळखतो. तो मला नाही.
एकास पाचशेच्या नकाशावर
त्याचा ओटा चार मिलिमीटर होता.
चार. तांदळाच्या दाण्याहून कमी.
त्या दिवशी माझी लाल रेघ फार सुंदर आली होती,
साहेबांनी सगळ्या ऑफिसला दाखवली.

ऊन उतरलं तसा तो उठून आला,
गळ्यात टेप, ओठांत टाचणी.
बराच वेळ वहीत बघत राहिला.
मग टाचणी काढून म्हणाला,
"भाऊ, आठे ओटा व्हता. तो बी काढ."

मराठी काय, अहिराणी काय,
शब्द एकच ठेवलाय आपण.
अतिक्रमण काढतात, चित्र काढतात,
काटा काढतात, दिवस काढतात.
त्या एका क्रियापदावर मी पेन्शन घेतो.

विचारलं, केवढा होता?
त्यानं गळ्यातली टेप ओढली,
वाकला, उंबऱ्यापासून डांबरावर लावली:
अठ्ठ्याहत्तर इंच, वर बोटभर.
"आणि आठे," पायानं खूण करत, "पाणीना रांजण.
आठे मनी माय बसे. काज करे."
मागे मोटरसायकलवाला हॉर्न देत होता.
तो मापावर वाकलेला, या वेळी
गुडघासुद्धा हलवला नाही त्यानं.

मी ओटा काढला.
पेन्सिलीनं नाही, शाईनंच,
उभ्या असलेल्या दोन स्कूटरच्या मधून, डांबराच्या वर.
रांजण काढला. रांजणावरचं झाकण काढलं.
मायला मात्र कसं बसवावं कळेना,
चेहरा विचारायचा धीर झाला नाही.
तिच्यापुरता कागद कोरा ठेवला.

त्यानं वही हातात घेतली, लांब धरली,
दिव्याखाली नेऊन पुन्हा बघितली.
"रेघ वाकडी उनी, भाऊ."

हो, म्हटलं.
शिकतोय.